आईला विचारून सांगते

मराठीत आईवर जितकं लिहिलं गेलं तितकं क्वचितच दुसऱ्या कुणावर लिहिलं गेलं असेल. पण ती आई बहुतेक वेळा मुलाची आई असते. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ १९३५ साली आलं आणि तेव्हापासून मराठी मुलामुलींच्या कित्येक पिढ्यांनी वात्सल्य ओळखलं ते एका मुलाच्या नजरेतून. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. पोहायला जायला घाबरून श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पाण्याकडे पाठवते. पोराला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिची काळजी पाण्याच्या भीतीपेक्षा मोठी आहे. हा प्रसंग वाचताना मला नेहमी वाटतं, श्यामच्या जागी मुलगी असती तर? आईने तिलाही असंच बाहेर काढलं असतं, की ‘नको जाऊस, घरातच बस’ म्हणून जवळ घेतलं असतं?

जिला जवळ घेतलं गेलं, त्या मुलीचं हे पुस्तक आहे. ती आता तिशीत, चाळिशीत, पन्नाशीत आहे. शिकलेली आहे, बहुधा कमावती आहे. ऑफिसात तिच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. पण घर भाड्याने घ्यायचं, नोकरी बदलायची, मैत्रिणींबरोबर चार दिवस कुठे जायचं, डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया करून घ्यायची, असं काही समोर आलं की तिच्या तोंडून आपसूक एकच वाक्य निघतं: ‘आईला विचारून सांगते.’ काहीजणींच्या बाबतीत विचारायला आई उरलेली नाही, तरी मनात विचारणा होतच राहते, आणि उत्तरही ठरलेलं असतं.

विषय सनातन वाटतो, पण महाराष्ट्रात तरी तो तसा नवा आहे. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन माधवरावांच्या घरी आल्या तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या काळी मायलेकींना एकमेकींच्या सहवासात मिळत ती अशी आठ-दहा वर्षं. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१च्या कायद्याने केवढं वादळ उठवलं! १९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं, आणि अठराची अट यायला १९७८ उजाडलं. जात्यावरच्या ओव्यांत मायलेकींना केवढी तरी जागा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्‌वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत हे नातं पुन्हापुन्हा भेटतं. पण तिथली लेक बहुधा सासरी असते. आई झुरते, वाट पाहते, निरोप धाडते; जपू मात्र शकत नाही, कारण लेक हाताशी नसते. वयात आलेली, शिकणारी, मिळवणारी मुलगी आईच्याच घरात वर्षानुवर्षं राहते आहे, हे दृश्य मराठी घरात उगवलं ते विसाव्या शतकात.

त्यासाठी बरंच काही घडावं लागलं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली, १९१६ साली कर्व्यांचं महिला विद्यापीठ उभं राहिलं. शिकलेली मुलगी आली, तिच्यामागून लांबलेलं लग्न आलं, आणि त्यामागून घरात एक अनोळखी पेच आला: या मोठ्या मुलीचं करायचं काय? १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं. समाज हादरला, कारण शिकलेल्या तरुण मुलींच्या मनात काय चाललं आहे हे तोवर असं कुणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या एका कथेचं नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असं आहे. पुढे शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’मध्ये आईवडिलांचा संसार थोरल्या मुलीच्या खांद्यावर कसा टेकतो, हे आणखी खोलात जाऊन आलं. या लेखनात मुलीला धरून ठेवणारी गोष्ट मुख्यतः घराची गरज होती. माया हेच जिथे धरून ठेवण्याचं साधन होतं, ती घरं मात्र बरीचशी न लिहिलेलीच राहिली. उपाशी ठेवणाऱ्या आईबद्दल तक्रार करता येते. ताटात सगळ्यात मऊ पोळी वाढणाऱ्या आईबद्दल कुणी काय लिहायचं?

कुटुंब लहान झाल्याने ही माया आणखी दाट झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात एका बाईला सरासरी पाच मुलं होत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा हाच आकडा १.७वर आला. पाच मुलांच्या आईचं लक्ष पाच ठिकाणी वाटलेलं असे, आणि त्या वाटणीत प्रत्येकाला थोडं दुर्लक्ष आणि त्याबरोबर थोडी मोकळीकही मिळत असे. एकुलत्या एक मुलीच्या वाट्याला सगळं लक्ष येतं आणि सगळी भीतीही.

आता अभ्यासकांकडे वळू. नवख्या वाचकाला या क्षेत्रातले मुख्य प्रवाह ठाऊक असावेत, एवढ्यासाठी थोडा तपशील देते.

आईच्या अतिजपणुकीवरचं पहिलं मोठं पुस्तक १९४३ साली अमेरिकेत आलं. डेव्हिड लेव्ही या मनोविकारतज्ज्ञाने वीस कुटुंबांचा बारकाईने अभ्यास करून ते लिहिलं. अतिजपणूक कशी ओळखायची, हे त्याने साध्या खुणांनी सांगितलं. आई आणि मूल सतत एकमेकांना चिकटलेली असतात. मूल मोठं झालं तरी त्याला लहान मुलासारखं भरवणं-न्हाऊ घालणं चालू राहतं. आणि मुलाने आपलं आपण काही करू पाहिलं की ते थांबवलं जातं. यातल्या काही आया मुलाच्या मुठीत असतात, तर काही मुलाला मुठीत ठेवतात. पण लेव्हीचं मला मोलाचं वाटतं ते दुसरंच. तो या आयांच्या पूर्वायुष्याकडे वळला. कुणी मुलासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, कुणाचे गर्भ टिकले नव्हते, कुणाला स्वतःच्या लहानपणी प्रेम असं मिळालंच नव्हतं. म्हणजे आईची मिठी घट्ट झाली त्याला कारण होतं, आणि ते कारण मुलाच्या जन्माआधीचं होतं. या निरीक्षणावर पुढच्या काळात व्हायला हवं होतं तेवढं काम झालं नाही.

उलट मधली काही दशकं आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात गेली. मूल आत्ममग्न आहे? आई थंड असणार. मुलाला स्किझोफ्रेनिया झाला? आईचंच काही चुकलं असणार. हे सिद्धान्त पुढे पूर्ण खोटे ठरले, पण तोवर असंख्य बायकांनी ते ओझं वाहिलं होतं. या पुस्तकातला एकही लेख त्या वाटेने जाऊ नये, याची मी कसोशीने काळजी घेतली आहे.

ब्रिटनमध्ये याच सुमारास दोन वेगळ्या वाटा फुटल्या. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि मुलाला आईच्या सलग सहवासाची गरज असते हे ठामपणे मांडलं. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत मायलेकरांचं निरीक्षण करून त्याला पुष्टी दिली, आणि एक बारकावाही दाखवला. आई ही मुलाची विसाव्याची जागा असते तशीच निघण्याचीही जागा असते. आपण परत येऊ तेव्हा ती असेल, या भरवशावरच मूल दूर रांगत जातं. डोनाल्ड विनिकॉट हा बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. तो म्हणत असे की आई पुरेशी चांगली असली की झालं. सुरुवातीला ती बाळाची प्रत्येक गरज ओळखते आणि मग हळूहळू, बाळाला झेपेल तितकीच, कमी पडत जाते. या कमी पडण्यातूनच बाळाला आपण आणि जग वेगळे आहोत हे उमगतं. १९५८च्या एका निबंधात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एकटं राहण्याची क्षमता मूल आईच्या सान्निध्यातच शिकतं. आई शेजारी आहे, पण मध्ये मध्ये करत नाही, अशा वेळी. आमच्या लेखिकांपैकी अनेकींना नेमकं हेच मिळालं नाही. आई शेजारी होती आणि सतत मध्ये होती.

मुलींचा प्रश्न मुलांहून वेगळा का, याचं उत्तर समाजशास्त्रज्ञ नॅन्सी चोडोरो यांनी १९७८ साली शोधलं. मुलगा मोठा होतो तो ‘मी आईसारखा नाही’ हे शिकत; मुलगी मोठी होते ती ‘मी आईसारखी आहे’ हे शिकत. त्यामुळे आई मुलाला वेगळा माणूस म्हणून लवकर पाहू शकते, मुलीत मात्र तिला स्वतःच दिसत राहते. मुलीच्या पायात काटा मोडला तर कळ आईला येते, आणि मुलीनेही आईच्या कळा आपल्या मानायच्या असतात. सुधीर कक्कर यांचं भारतीय बालपणावरचं पुस्तकही त्याच वर्षीचं. ते मोलाचं आहे, पण त्यातला मुख्य धागा आई आणि मुलगा हाच. मुलीकडे नीट पाहिलं ते मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी. हिंदू घरात मुलगी घडते कशी, यावरचा त्यांचा १९८८चा निबंध आजही वाचावा असा आहे. बसावं कसं, चालावं कसं, हसावं किती, कुणासमोर यावं आणि कुणासमोर नाही, हे सगळं मुलीला शिकवायचं काम आईचं असतं, आणि त्यात काही उणं राहिलं तर ‘आईने वळण लावलं नाही’ हा ठपकाही आईवरच येतो.

मोजमापाची वाट धरली ती ऑस्ट्रेलियाच्या गॉर्डन पार्कर यांनी. १९७९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह पंचवीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंतचे आपले आईवडील आठवून मोठ्या माणसांनी ती भरायची. तिच्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात: माया किती होती, आणि ताबा किती होता. या दोन्हींच्या चढउतारातून चार प्रकारची घरं दिसतात. ताबा खूप आणि माया कमी, हे घर पुढच्या आयुष्यातल्या नैराश्याशी सर्वांत जास्त जोडलेलं आढळलं. पण या पुस्तकाशी संबंध आहे तो शेजारच्या घराचा, जिथे माया भरपूर आणि ताबाही भरपूर. बाहेरून ते सुखाचं घर दिसतं आणि बऱ्याच अंशी असतंही. तिथली मुलगी ना बंड करते ना रडते. तिचं दुःख ओळखायला वेळ लागतो, कारण ते कृतज्ञतेच्या खाली दडलेलं असतं.

साल्वादोर मिनुचिन यांनी १९७०च्या दशकात कुटुंबातल्या पुसट सीमारेषांबद्दल लिहिलं. ब्रायन बार्बर यांनी १९९६ साली एक भेद स्पष्ट केला: मुलीच्या वागण्यावर नियम घालणं वेगळं आणि अपराधीपणाच्या दोरीने तिच्या मनावर ताबा ठेवणं वेगळं. ‘आठच्या आत घरी ये’ हा नियम झाला. ‘तू उशीर केलास की माझ्या छातीत धडधडतं, मला काही झालं तर बघ’ यात मात्र मुलीचं घड्याळ आईच्या छातीत ठेवलं जातं. नियम मोडता येतो, त्यावर भांडता येतं. छातीतल्या धडधडीशी भांडायचं कसं?

तरी एक सावधगिरी हवी. २००७ साली एका संशोधनात सत्तेचाळीस अभ्यासांची एकत्र छाननी झाली. मुलांच्या चिंतेतला जेमतेम चार टक्के फरक पालकांच्या वागण्याशी जोडता येतो, असं त्यातून निघालं. स्वायत्तता देणं-न देणं हा घटक वेगळा काढला तर मात्र त्याचं वजन बरंच जास्त भरलं. शिवाय जात्याच बुजऱ्या मुलीला आई जास्त जपते, म्हणजे ओढ दोन्हीकडून असते. तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम काअत्चिबाशी यांचा आक्षेपही आपल्याला जवळचा आहे. माणूस स्वतंत्र व्हायला नात्यांतून सुटावाच लागतो, हे पाश्चात्त्य गृहीतक त्यांनी नाकारलं. स्वतःचे निर्णय घेणारी आणि तरीही घराशी घट्ट बांधलेली व्यक्ती असू शकते, असं त्यांनी दाखवलं. आमच्या जवळजवळ सगळ्या लेखिकांना हेच हवं आहे. त्यांना आईपासून सुटका नको आहे.

भीती एका देहातून दुसऱ्या देहात जाते कशी? याबद्दलचे दोन प्रयोग माझ्या मनातून जात नाहीत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या टेबलावर सोडलं. काचेखाली अर्ध्या भागात खोलगट उतार असल्याचा भास होता. बाळ कडेपाशी येऊन थांबे आणि पलीकडे उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाही. आई हसरी असली तेव्हा एकोणिसांपैकी चौदा बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा सतरांपैकी एकही गेलं नाही. शब्द नाही, स्पर्श नाही, फक्त चेहरा. दुसरा प्रयोग सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती; रानात वाढलेलं माकड सापाला घाबरताना पाहिलं आणि तीही घाबरायला शिकली. पुढच्या प्रयोगात दिसलं की ज्यांनी आधी न घाबरणारं माकड पाहिलं होतं, ती नंतर सहजी घाबरली नाहीत. साप त्यांना एकदाही चावला नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. आमच्या लेखिकांतल्या कितीतरी जणी ज्या गोष्टींना आयुष्यभर घाबरल्या, त्यांतली एकही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. ती आईच्या, किंवा आजीच्या वाट्याला आली होती.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची सुरुवात या दृष्टीने पुन्हा वाचावी. आजोबांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं विकोपाला गेलं. त्याचा जाच घरातल्या बायकामुलांनी सोसला. लक्ष्मीबाईंनी ते इतक्या खेळकरपणे सांगितलं आहे की आपण हसतो. पण घडलं ते असं, की सत्तेच्या दहशतीचं रूपांतर घराच्या शिस्तीत झालं, आणि ज्या मुलींनी ती शिस्त भोगली त्यांचा त्या घटनेशी काही संबंध नव्हता.

म्हणून या संग्रहासाठी लिहिणाऱ्या प्रत्येकीला मी एकच अट घातली होती: आईला नेमकी कशाची भीती होती, हे लेखात आलं पाहिजे. आई अशी का वागली, या प्रश्नाचं उत्तर पटकन ‘तिचा स्वभाव’ असं येतं आणि विषय संपतो. भीती कशाची, असं विचारलं की शोध सुरू होतो. एकीला आपल्या मावशीचं नाव पहिल्यांदा कळलं, विहिरीत गेलेल्या मावशीचं, जिच्याबद्दल घरात कधीच बोललं जात नसे. एकीला कळलं की आईला तरुणपणी एसटीच्या प्रवासात काय सोसावं लागलं होतं, आणि म्हणून मुलीला कॉलेजच्या सहलीला कधी पाठवलं गेलं नाही. ही माहिती हाती येईपर्यंत या दोघी आपण मुळातच भित्र्या आहोत असं मानून जगल्या. माझं म्हणणं इथेच आहे. आईच्या भीतीला नाव मिळालं नाही की मुलगी ती भीती स्वतःचा स्वभाव म्हणून वागवते. परक्याची वस्तू आपली समजून सांभाळावी, तशी.

आयांची भीती खोटी होती, असं मात्र कुणी समजू नये. मथुरा खटला आपल्याच महाराष्ट्रातला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, आणि देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला. २०१२ साली दिल्लीत आणि २०१३ साली मुंबईतल्या शक्ती मिलमध्ये झालेल्या अत्याचारांनंतर किती घरांत मुलींच्या वेळा आणखी आवळल्या गेल्या, हे आपण पाहिलं आहे. ज्या समाजात मुलीवर गुन्हा घडला तर पहिला प्रश्न ‘ती तिथे गेली कशाला?’ असा असतो, तिथे आई पहारेकरी होते. तो पहारा तिने मागून घेतलेला नसतो, तिला तिथे नेमलेलं असतं. २०१९-२१च्या पाहणीनुसार बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या स्त्रिया देशात ४२ टक्केच होत्या. कायदाही कधी कधी आईबापांच्याच सुरात बोलतो. २०१७ साली केरळच्या उच्च न्यायालयाने चोवीस वर्षांच्या तरुणीचं लग्न रद्द ठरवून तिला आईवडिलांच्या ताब्यात दिलं होतं. सज्ञान स्त्रीची निवड तिची स्वतःची असते, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

या सगळ्याला सर्वांत धीट उत्तर दिलं ते शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी. मुंबईतल्या सार्वजनिक जागांवरच्या संशोधनातून २०११ साली आलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या त्यांच्या पुस्तकाने प्रश्नच उलटा केला. बाईला सुरक्षिततेपेक्षाही जोखीम घेण्याचा हक्क हवा, असं त्या म्हणाल्या. सुरक्षिततेच्या नावाखाली तिला घरातच ठेवता येतं. जोखमीचा हक्क मानला तर शहराला दिवे लावावे लागतात, शौचालयं बांधावी लागतात, रात्रीच्या बसगाड्या चालवाव्या लागतात. आमच्या विषयाला हे तंतोतंत लागू पडतं. मोठी होऊनही घाबरणाऱ्या मुलीत धाडस कमी असतं असं नाही. तिला सराव मिळालेला नसतो. चुकीच्या गाडीत बसणं, पैसे हरवणं, चुकीच्या माणसावर विश्वास टाकणं आणि मग त्यातून वर येणं, हे सगळं चौदाव्या, सतराव्या, एकविसाव्या वर्षी स्वस्तात होतं. पस्तिसाव्या वर्षी त्याच चुका महाग पडतात आणि त्यांची लाजही वाटते. ‘तुला नाही जमणार, दे इकडे, मी करते’ हे वाक्य आईने वीस वर्षं प्रेमाने म्हटलेलं असतं. त्याचा हिशेब मुलीच्या हातात येतो तो बँकेच्या फॉर्मपाशी, गाडीच्या स्टिअरिंगपाशी, घटस्फोटाच्या वकिलापाशी.

सगळ्याच घरांना हा प्रश्न सारखा नाही, हेही सांगायला हवं. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मधली आई बांबूच्या टोपल्या विणून मुलांना वाढवते. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनांतल्या आयांना मुलीला सावलीत बसवणं परवडणारं नव्हतं. तिथे जपणूक म्हणजे भाकरी आणि शाळा. आणि तिथल्या मुलींना गावाकडून जो धोका होता तो आईच्या काळजीने टळणाराही नव्हता. आमच्या संग्रहातल्या लेखिका बहुतांशी शहरी आणि निमशहरी मध्यमवर्गातल्या आहेत, काहीजणी नोकरी-लग्नामुळे परदेशी गेलेल्या. मुलीला घरात ठेवणं हे प्रतिष्ठेचं लक्षण मानणाऱ्या जातींचा यात वरचष्मा आहे, आणि ते अपघाताने झालेलं नाही. मुलीला जपणं आणि जातीला जपणं ही कामं एकाच आईच्या अंगावर असतात. हे स्पष्टपणे लिहायला ज्या धजावल्या, त्यांचे लेख मला या पुस्तकातले सर्वांत कणखर लेख वाटतात.

हा विषय आताच का? एक कारण खिशातच आहे. पूर्वी मुलगी घराबाहेर पडली की संध्याकाळपर्यंत आईला तिची खबर नसे; आता फोनवर तिचा ठावठिकाणा हलत्या ठिपक्यासारखा दिसतो. ‘पोचलीस की फोन कर’ची जागा दर तासाच्या मेसेजने घेतली. न्यू जर्सीत राहणारी मुलगी काय जेवली, हे नाशिकला त्याच दिवशी कळतं. अंतराने आपोआप मिळणारी मोकळीक संपली आहे, आणि मागायची तर तोंड उघडावं लागतं. दुसरं कारण वयाचं. ज्या आयांनी जपलं त्या आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. ज्या मुलीला निर्णय घ्यायची सवयच लावली नाही, तिनेच आता आईच्या औषधांचे, शस्त्रक्रियेचे, घर विकण्याचे निर्णय घ्यायचे आहेत, आणि तेही आईच्या विरोधात जाऊन. आणि याच वयात अनेकींच्या मुली तेरा-चौदाच्या झाल्या आहेत. ‘एकटी जाऊ का?’ असं मुलगी विचारते आणि आपल्याच तोंडून आईचा आवाज निघतो, या क्षणाबद्दल जवळजवळ प्रत्येकीने लिहिलं आहे.

उपचारांबद्दल पुस्तकात वेगळा भाग आहे, म्हणून इथे थोडक्यात. डॉ. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवली. ‘आईला वाईट वाटता कामा नये’ या वाक्यातला ‘कामा नये’ किती जीवघेणा आहे, हे समजून घ्यायला ती फार उपयोगी पडते. चिंतेवरच्या उपचारांत भीती वाटणारी गोष्ट लहान लहान पायऱ्यांनी स्वतः करून पाहायची असते, आणि त्यालाही वयाची अट नाही. पन्नाशीत पहिल्यांदा एकटीने रेल्वेने नागपूरला गेलेल्या बाईचा लेख यात आहे. त्यात मोठं काही घडत नाही. गाडी उशिरा पोचते, एवढंच. पण त्या उशिराचं तिने केलेलं वर्णन मी पुन्हापुन्हा वाचलं.

या पुस्तकाला कुणावर खटला चालवायचा नाही आणि मायेची आरतीही ओवाळायची नाही. मुलींची निवेदनं, काही समुपदेशकांचे लेख, आणि आयांची स्वतःची निवेदनं, असा त्याचा आवाका आहे. आयांपैकी काहींना लिहायची सवय नव्हती; त्यांनी सांगितलं आणि दुसऱ्या कुणी उतरवून घेतलं. स्वतःच्या मुलीने ते उतरवून घेऊ नये, एवढं पथ्य पाळलं. बहुतेक निवेदनांत नावं आणि गावं बदललेली आहेत. आपला लेख आईला वाचायला द्यायचा की नाही, यावर लेखिकांत मतभेद झाले आणि ते मिटले नाहीत. काहींनी दिला आणि घरात महिनाभर अबोला धरला गेला. एकीच्या आईने तो वाचून स्वतःच लिहायला घेतलं. तिचं निवेदन मुलीच्या लेखाशेजारीच छापलं आहे. दोघींच्या आठवणी एकाच प्रसंगाबद्दल असून कुठेच जुळत नाहीत, आणि संपादक म्हणून मी त्या जुळवल्याही नाहीत. काहींनी आईला काहीच सांगितलं नाही. त्यांना त्याचं कारण मी विचारलेलं नाही.

आयांची निवेदनं सुरुवातीला घ्यावीत असा एक आग्रह होता, शेवटी घ्यावीत असा दुसरा. सुरुवातीला घेतली तर मुलींनी आधीच क्षमा केली असं वाटलं असतं. शेवटी घेतली तर आयांनी बचाव मांडला असं. म्हणून ती अधूनमधून, मुलींच्या लेखांच्या मध्येच आली आहेत. पुस्तक सलग वाचायलाच हवं असं नाही. ज्यांना स्वतःच्या आईशी बोलायचं अजून जमलेलं नाही, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी आईपासून सुरुवात केली तरी चालेल.